मागे राहिलेले शब्द

केंडलच्या वाचनालयावरची खोली, मंगळवार, सात वाजता.
ब्रिजेट टायसन फळ्यावर एक कुत्रा काढते.
तो मेंढीसारखा दिसतो. ती पुसत नाही.
म्हणते, हा धावतो. एवढंच करतो हा बिचारा,
बाकी सगळं मागचे शब्द करतात:
आउट म्हटलं की गोठ्याबाहेर,
अक्रॉस, की अंगण संपलं,
अंडर, की फाटक डोक्यावरून गेलं,
अप, आणखी अप, आणि गडी डोंगरावर.
क्रियापद एकच. एका बैलाला
सात गाड्या.

इत्सियार हॉटेलात दिवसाला चाळीस चादरी बदलते.
ती हात वर करते: आमचा कुत्रा बाहेर पडतो, बाई.
अंगण ओलांडतो. डोंगर चढतो.
धावत की लंगडत, ते ज्याचं त्यानं बघावं.
वर्ग हसतो. मागच्या बाकावर मीही.
मी हे ज्या भाषेत लिहितेय
तिथंही निघणं, शिरणं, उतरणं, ओलांडणं,
वाट क्रियापदाच्या पोटातच असते;
पाय मागून येतात,
आले तर.

घरी तिचे वडील विल्फ, खिडकीशी.
मार्चमध्ये झटका आला. उजवा हात गेला
आणि हाताबरोबर क्रियापदं.
मग नावं. कुत्रीचं, मुलीचं, चहाचं.
उरले ते एवढे-एवढे बारके शब्द,
कळप पुढे निघून गेल्यावर
तारेला अडकून राहते तशी लोकर.

वाचा-उपचारवाली चित्र धरते: शिडीवर मुलगा.
काय करतोय हा, विल्फ?
अप.
करतोय काय पण?
अप.
ती रकान्यात शून्य लिहिते.
मग, चाचणीत नसताना, कपाटावरचा फोटो उचलते,
चर्चच्या दारात, टोपी उडू नये म्हणून धरलेली एक बाई.
अवे, म्हणतो विल्फ.
तिचं पेन रकान्यावर
बराच वेळ उभं राहतं.

नोव्हेंबरातला रविवार. रात्रीतून बर्फ. पाच मेंढ्या कमी.
ब्रिजेट बूट चढवते.
तो डाव्या हातानं खुर्ची ठोकतो:
अप. बाय. ओव्हर. अलाँग. अलाँग. थ्रू.
हो डॅड, म्हणते ती, दाराकडे वळून.
तो पुन्हा, तोच क्रम, चिडून,
कुत्रीला लांबून हुकूम सोडायचा तसा.
तेव्हा कुठे तिला ऐकू आलं.
त्या शब्दांना क्रियापद नव्हतं
म्हणून तिनं आपले पाय जोडले.

चढली. भिंतीला धरून धरून गेली.
दगडी पायऱ्यांवरून भिंत ओलांडली.
ओढ्याकाठानं, मग पुन्हा ओढ्याकाठानं;
दोनदा म्हणाला होता ते उगाच नव्हतं,
तिथं ओढ्याचे दोन होतात.
आणि भिंतीच्या बुडाशी ते चौकोनी भोक,
मेंढीपुरतं, माणसासाठी न ठेवलेलं.
ती गुडघ्यांवर बसली. डोकं घातलं.
खांदे अडकले.
पलीकडे चार जणी एकमेकींना चिकटून, वाफा सोडत,
हिच्याकडे बघत, जणू हिलाच कुणी शोधायला हवं होतं.
पाचवी नव्हती.

घरी येऊन ती म्हणाली, चार.
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
चहा निवला, त्यावर साय धरली.
डाउन, म्हणाला तो.
कुठे, ते तिनं विचारलं नाही.

मंगळवारी फळ्यावर कुत्रा नाही.
नुसते सहा शब्द, एकाखाली एक,
आणि शेवटच्याखाली रिकामी जागा.
इत्सियार वहीतून मान वर करते:
बाई, यात कुणी चालतच नाहीये.
ब्रिजेट पेनाचं टोपण लावते, काढते.
तिच्या बुटांच्या नाड्या
अजून ओल्या आहेत.